समुद्राच्या शहरात स्केचिंग करायचंय तर आधी कालनिर्णय बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. तुम्ही परभणी जिल्ह्यात झेडपीच्या शाळेवर आहात, मेच्या सुट्टीत बहिणीकडं दादरला चाललात, रोज वही घेऊन बाहेर पडायचंय पण समुद्र आजवर कधी काढलेला नाही, आणि विचारलंय की कुठं बसू, काय सामान नेऊ, अन् लोक बघायलेत म्हणलं की हात थांबतो त्याचं काय करू. मी अंबाजोगाईचा, आयुष्यभर पोरांना चित्रकला शिकवली, मुंबईत नातेवाईक असल्यामुळं तिकडं सारखं जाणं होतं आणि दरवेळी वही भरून येती. त्यामुळं जे माहीत आहे ते सगळं सांगतो, जरा लांबेल.

पहिली गोष्ट, समुद्र काढायला जाऊ नका. आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा समुद्र बघतो, भारावतो, वही उघडतो, मधोमध एक आडवी रेघ मारतो, वर निळा खाली निळा, एक होडी, एक सूर्य, झालं. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, कारण नुसत्या पाण्यात धरायला काय नसतं हो. धरायला असतात ती पाण्याच्या कडंला काम करणारी माणसं, आणि त्या माणसांचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. कधी होड्या येणार, कधी किनारा रुंद असणार, कधी हाजी अलीच्या दर्ग्याचा रस्ता पाण्याखाली जाणार, हे सगळं भरती-ओहोटीवर. ते वेळापत्रक कळलं की रोज कुठं जायचं आणि काय काढायचं हा प्रश्न अर्धा सुटतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याचा तपशील.

भरतीची वेळ काढायला ॲप आहेत पण त्याहून सोपी जुनी पद्धत आहे, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर चालती. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असली तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा, व्यवहारात बाराच्या आसपास धरा. दिवसातून दोनदा भरती येती, मधे साधारण सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढं सरकती. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, पण स्केचिंगला एवढं बास. तुमच्या घरात भिंतीवर कालनिर्णय असणारच, एकादशी बघता तसं हे बघायचं.

आता ह्याचा उपयोग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराला भरती म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. उधाणाचे दिवस असल्यामुळं पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागं जातं, त्यामुळं संध्याकाळच्या उजेडात किनारा हा एवढा मोठा मोकळा, ओल्या वाळूत खेळणारी पोरं, चिखलात कलंडलेल्या होड्या, सगळं एकाच वेळी मिळतं. अष्टमीच्या आसपास उलटं, संध्याकाळी सहाला भरती, वाळूची पट्टी अरुंद, माणसं सगळी कठड्याजवळ गोळा झालेली. अष्टमीची भरती तशी लहान असती, तिला भांगाची भरती म्हणतात. तेव्हा वाळूवर बसून काढण्यापेक्षा कठड्यावर बसलेली माणसं काढा, पाठमोरी, एका ओळीत, लई छान ओळ होती. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, म्हणजे दीड मजला, तेव्हा त्या दिवशी दुपारी खडकांवर जाऊन बसू नका, वही तर जाईलच.

उजेडाचं पण सांगतो, कारण हे आपल्या लक्षात येत नाही. मुंबई म्हणजे उत्तर-दक्षिण लांबट पट्टी आहे आणि तिला दोन्हीकडून पाणी आहे. दादर, वरळी, गिरगाव चौपाटी, जुहू हे सगळं पश्चिमेचं पाणी. तिथं सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागं असतो, समोरच्या माणसांवर सरळ उजेड, रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर, माणसं काळी पडतात, तेव्हा नुसत्या काळ्या आकृत्या ब्रशपेननं टाकायच्या, चेहऱ्याच्या नादाला लागायचं नाही. गेटवे, ससून डॉक, भाऊचा धक्का हे पूर्वेचं पाणी, तिथं बरोबर उलटं, सकाळी सूर्य पाण्यावरून वर येतो. आणि मे महिन्यात १५-१६ तारखेच्या आसपास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या सगळ्या महिन्यात भर दुपारी सावल्या अगदी आखूड, सगळं सपाट दिसतं, अन् अकरा ते चार ऊनही मरणाचं. ती वेळ लोकल, स्टेशन, हॉटेल, बहिणीचं घर, असल्या आतल्या जागांना द्या.

दर्यारेषा, म्हणजे पाणी अन् आभाळ मिळतं ती रेघ, कुठं घ्यायची हा नवशिक्या माणसाचा खरा घोटाळा. आपल्याकडं शिवारात क्षितिज कधी नीट दिसतच नाही, मधी बाभळी येतात, ऊस येतो, डोंगर येतो. समुद्रावर ते उघडं पडतं, आणि ते कायम तुमच्या डोळ्याच्या पातळीवर असतं. तुम्ही वाळूवर बसला असाल तर तुमचा डोळा जमिनीपासून अडीच फुटावर, त्यामुळं समोर उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दर्यारेषा कमरेजवळच कापणार, तो जवळ असो नाहीतर लांब असो. तुम्ही उभं राहून काढलं तर सगळ्यांची डोकी त्या रेषेवर ओळीनं येतात. आणि मलबार हिलवर कमला नेहरू पार्कातून खाली चौपाटी काढली तर रेषा माणसांच्या पार वर, कागदाच्या वरच्या कडेकडं जाती. हे एकदा डोक्यात बसलं की पन्नास माणसांची गर्दी सुद्धा चुकत नाही, कारण रेषा आधी मारायची आणि माणसं तिच्यावर टांगायची. बसलेल्या माणसाला दिसणारी ती रेषा खरं तर तीन-साडेतीन किलोमीटरवरच असती, अनंत वगैरे काय नाही.

कुणी म्हणेल मराठवाड्याचा आणि समुद्राचा संबंध काय. आपल्या अजिंठ्याला २ नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, पाचव्या शतकातलं, शिडं फुगलेली, जहाजावर रांजण ओळीनं मांडलेले. रंगवणाऱ्यानं पाणी किती दाखवलंय अन् माल किती दाखवलाय ते जाऊन बघा, पुस्तकातल्या फोटोत नाही, प्रत्यक्ष. तुम्हाला परभणीहून एका मुक्कामात होण्यासारखं आहे. पुढं १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन कित्येक हंगाम अजिंठ्याला येऊन ह्या चित्रांच्या प्रती करत होते, त्यातल्या पुष्कळ प्रती नंतर लंडनला आगीत जळाल्या. म्हणजे तिकडची पोरं इकडं येऊन शिकली, तुम्ही इकडून तिकडं चाललात, फरक काय.

होड्यांकडं येऊ. होडी अवघड वाटती कारण तिचा काठ दोन्हीकडून वळतो. त्याला सोपी युक्ती म्हणजे आडवा इंग्रजी आठ काढायचा, मराठी नव्हे बरं का, मराठी आठाची होडी होत नाही. तो आठ जरा तिरपा, लांबट, एक पोट मोठं एक लहान, मग दोन्ही टोकांतून खाली तळाच्या रेघा आणून जोडायच्या. लहान पोट ते लांबचं टोक. दहा-वीस होड्या अशा काढल्या की हात बसतो. पण पाण्यावर नांगरलेली होडी स्थिर नसती, ती प्रवाहाकडं तोंड करून उभी राहती आणि भरतीची ओहोटी झाली की सगळ्या होड्या हळूहळू तोंड फिरवतात. तुम्ही अर्धी काढलेली होडी वर बघेपर्यंत पाठमोरी झालेली असती. म्हणून आधी होडीचं अंग पाच-सात मिनिटात उरका, दोर, झेंडे, रंगाचे पट्टे, नंबर, नावं मागून. त्यापेक्षा बेस्ट म्हणजे ओहोटीला चिखलात बसलेल्या होड्या, माहीमला, वर्सोव्याच्या खाडीत, वरळी कोळीवाड्यात. त्या तासन् तास हलत नाहीत, अन् कलंडल्यामुळं आतलं बाहेरचं दोन्ही दिसतं. वरळी कोळीवाड्यातून तर मागं सागरी सेतू येतो, २००९ साली झालेला, पुढं जाळी वाळत घातलेली. तो सेतू बारीक रेघेनं, एकदम फिक्कट ठेवा, सगळ्या केबली मोजत बसलात तर पुढची माणसं उठून जातील.

पाण्याचा रंग. दुकानातली निळी ट्यूब जशीच्या तशी लावू नका, मुंबईचं पाणी निळं नाही. गाळामुळं ते राखाडी-हिरवट असतं, पावसाळ्यात तर आपल्या गोदावरीच्या पुराच्या पाण्यासारखं मातकट. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून राखाडी करा, त्यात थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा), झालं मुंबईचं पाणी. लाटा एकेक काढायच्या नाहीत. लांबच्या पट्ट्यात दोन-तीन बारीक आडव्या रेघा, मधल्यात जरा तुटक, जवळ एखादीच फुटलेली लाट आणि तिचा फेस म्हणजे कोरा कागद. ओल्या वाळूत माणसाचं प्रतिबिंब सरळ पायाखाली पडतं आणि सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला, ह्या दोन्हीची लोक गल्लत करतात. खडक मात्र तुमच्या ओळखीचा आहे. वांद्र्याच्या बँडस्टँडचा काळा दगड आणि दौलताबादचा-वेरूळचा काळा दगड एकच, बेसाल्ट. त्याला आपल्याकडं लावता तेच काळे-तांबूस रंग लावा.

हवेचा मुद्दा सामानाशी जोडलेला आहे म्हणून एकत्रच सांगतो. परभणीत मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीला वॉश (पातळ रंगाचा सपाट हात) म्हणजे तापल्या तव्यावरचं पाणी, ब्रश कागदाच्या दुसऱ्या कडंला जाईस्तोवर पहिली कड वाळून जाती. म्हणून आपला हात घाईचा, भरपूर पाणी घ्यायची सवय. मुंबईत दमट हवा, तोच वॉश वीस मिनिटं ओला राहतो, आणि आपण सवयीनं लगेच वरून दुसरा थर टाकतो अन् चिखल होतो. उपाय साधा आहे, पाणी कमी घ्या आणि दोन पानं एकावेळी चालवा, एक वाळतंय तोवर दुसऱ्यावर पेननं काम. नाहीतर जागेवर फक्त पेन, रंग घरी फॅनखाली. मी स्वतः जागेवर पेन आणि एकच राखाडी शेड मारतो, रंगाचं नाव कडंला लिहून ठेवतो, "लुगडं हिरवं, काठ जांभळा" असं.

सामान कमी न्या. २०० जीएसएमची (म्हणजे जाड कागदाची) छोटी वही एक (शाळेच्या वहीएवढी, मोठी नको, गर्दीत उघडता येत नाही), वॉटरप्रूफ शाईचं पेन एक, साधं बॉलपेन एक, ब्रशपेन एक, ८ नंबरचा गोल ब्रश, कॅमलच्या सहा-सात ट्यूबा छोट्या पॅलेटवर पिळून वाळवलेल्या, पाण्याला औषधाची रिकामी बाटली, जुनं सुती कापड. बॉलपेनला नाक मुरडू नका, ते ओल्या हातात, हलत्या लोकलमध्ये, दमट कागदावर कुठंही चालतं. परदेशी रंगाचे महागडे डबे बघून तुम्हाला वाटत असेल की त्याशिवाय होत नाही, तर तसं काय नाही, उलट महाग वही असली की पान खराब होईल म्हणून माणूस चांगलं तेवढंच काढायला जातो आणि मग काढतच नाही.

आता माणसं, म्हणजे मुख्य विषय. कोळीवाड्यात जाताना एवढं लक्षात ठेवा की ती लोकांची घरं आहेत, प्रेक्षणीय स्थळ नाही. मुंबईत आधी वस्ती त्यांचीच. गल्ल्या अरुंद, म्हणून वही उभी धरून काढा. बसायच्या आधी समोरच्या बाईला "मावशी, इथं जरा बसून चित्र काढू का" एवढं विचारा. दहातल्या नऊ जणी हसून पाट देतील, एखादी नको म्हणेल, तर उठायचं, वाद नाही. मे महिना तुमच्यासाठी उत्तम आहे कारण पावसाच्या आधीची बेगमी चाललेली असती, आगोट म्हणतात तिकडं. बांबूच्या मांडवावर बोंबील लटकवलेले, जवळा (एकदम बारीक कोळंबी) जमिनीवर पसरलेला, मसाल्याची कुटाई, सुक्या मासळीचा बाजार. आपल्याकडं त्याच दिवसात गच्चीवर कुरडया-पापड्या-शेवया असतात ना, जुनेराची चादर, राखणीला बसलेली म्हातारी, कावळे हाकायला पोरगं. जायच्या आधी आठवडाभर स्वतःच्या गल्लीत तेच काढा. तिथं गेल्यावर मांडणी ओळखीची वाटेल, वास तेवढा वेगळा. वास येतो, सांगून ठेवतो, नाक दाबून बसायचं नाही, वाईट दिसतं.

कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत, मागं घट्ट खोचलेलं, त्यामुळं पायांची ठेवण स्पष्ट दिसती, म्हणून काढायला सोपं आहे. डोक्यावर पाटी असली की एक गोष्ट बघा, डोक्यापासून जमिनीवर टेकलेल्या पायापर्यंत एक सरळ ओळंबा असतो. तो आधी मारा, मग कंबर कुठं बाहेर जाती ते, मग हात. चेहरा शेवटी, नसला तरी चालतो. जुन्या माणसांच्या अंगावर सुरका दिसला, म्हणजे कंबरेला तिरका बांधलेला रुमाल, तर तो मात्र नीट बघून काढा, आता कमी होत चाललाय.

मोठा बाजार बघायचा तर ससून डॉक, १८७५ चा, कुलाब्याला. पहाटे पाचला पोचलं पाहिजे, आठपर्यंत जोर ओसरतो. तिथं रस्त्यात उभं राहून काढता येत नाही, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, ओरडा, पायाखाली पाणी. भिंतीला पाठ लावून एका जागी उभं राहा आणि एक-एक मिनिटाच्या आकृत्या घ्या, एका पानावर पंधरा-वीस. लिलावाच्या घोळक्यात सगळ्यांच्या नजरा एका ढिगाकडं असतात, त्या बाकदार माना काढण्यासारख्या असतात. आत जाताना गेटवर विचारा, आणि जवळपास नेव्हीच्या भिंती आहेत तिकडं वही काढूच नका, उगं चौकशी मागं लागती. भाऊचा धक्का त्यामानानं निवांत आहे, तिथून मोरा-रेवसला लाँच सुटतात, वाट बघत बसलेली माणसं आयती मिळतात, गाठोडी, पिशव्या, कोंबडी, सगळं. वाट बघणारा माणूस म्हणजे स्केचिंगवाल्याचं सोनं. आपला एसटी स्टँड काय वेगळा आहे?

माशांची नावं विचारून घ्या. आपल्याला रोहू-कटला सोडून ओळखत नाही, त्यामुळं पापलेट काय, मांदेली काय, सगळं एकच दिसतं. विचारलं की बाई सांगती, ते चित्राच्या कडंला लिहा, तिच्याच शब्दात. तारीख, वेळ, तिथी आणि कानावर पडलेलं एखादं वाक्य, एवढं प्रत्येक पानावर असू द्या. घेता आलं तर पाव किलो काहीतरी घ्या पण, बहीण करून घालेल.

किनारा सोडून शहराकडं वळायचं तर देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी दादरला उतरायच्या ऐवजी एखाद्या दिवशी मुद्दाम सीएसएमटीला जा. १८८७ ची इमारत, नक्षी बघून डोकं फिरतं. सगळी इमारत काढायला जाऊ नका, एक खांब निवडा आणि त्याच्या पायथ्याला बसलेलं कुटुंब काढा. साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटला डबेवाले उतरतात, पांढरी टोपी, डोक्यावर लांब लाकडी पाटी, ते मात्र पळत असतात, पाच सेकंदाचं काम आहे. लोकलमध्ये दुपारचीच वेळ धरा, खिडकीजवळ झोपलेली माणसं काढा, झोपलेला माणूस तक्रार करत नाही. लेडीज डब्यात मला जाता येत नाही, तुम्हाला येतं, ही तुमची मोठी कमाई आहे. त्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, क्लिपा-कानातले विकणाऱ्या, उभ्या उभ्या पोथी वाचणाऱ्या बाया असतात असं घरातल्या बायकांकडून ऐकलंय, ते तुम्ही काढून आणा आणि दाखवा.

मरीन ड्राइव्हच्या बिल्डिंगी साध्या वाटतात पण त्यांचे गोल कोपरे आणि खिडक्यांवरचे आडवे छज्जे बघा, आर्ट डेको म्हणतात त्या धाटणीला. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला जुन्या, टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, हे दोन्ही मिळून २०१८ ला जागतिक वारशात गेलं. अजिंठा-वेरूळ १९८३ लाच गेलं होतं, आपण सीनिअर. मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं पुढं घ्या, इमारती पाठीमागं फिक्कट. आणि गाड्या, दुकानं, पाट्या सोडू नका. जुनी काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी आणि साध्या डबलडेकर बेस्ट बसा दोन्ही २०२३ मध्ये बंद झाल्या, ज्यांच्या वहीत त्या कडंला सहज आलेल्या आहेत त्यांना आज त्याची किंमत कळती. सूर्यास्त तर रोजच होतो.

बहीण दादरला म्हणजे चैत्यभूमी चालत जाण्यासारखी. आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला तो ६ डिसेंबरला, दादरच्या चौपाटीवर, अभिवादनाला रेल्वेनं गेल्यावर. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल, रात्रभर बसलेली गावोगावची माणसं, सकाळी पाण्यात पाय भिजवणाऱ्या म्हाताऱ्या. मेमध्ये ते नसणार, पण जागा बघून ठेवा, कुठं बसता येतं, कुठून किनारा आणि स्तूप एका नजरेत येतो. डिसेंबरमध्ये जमलं तर त्या दिवसाची वही करा. समुद्राच्या शहरात आपली माणसं कशी दिसतात हे आपणच काढायला पाहिजे, दुसरं कोण काढणार?

लोक बघतात त्याचं. खरं सांगू, परभणीच्या बाजारात जो वही काढून बसू शकतो त्याला मुंबईत काही भ्या नाही. आपल्याकडं दहा मिनिटात वीस जण गोळा होतात, एक जण वही ओढतो, दुसरा म्हणतो माझं काढा, तिसरा विचारतो किती मिळतात ह्याचे. मुंबईत माणूस एक नजर टाकून पुढं जातो, त्याला गाडी पकडायची असती. म्हणून भीती इथंच मोडून जा. आठवडी बाजारात भाजीवालीच्या शेजारी तिला सांगून बसा, गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर पाणी आणि माणसं एकत्र काढा, एसटी स्टँडवर बाकड्यावरची माणसं काढा. भिंतीला पाठ लावली की मागून कुणी डोकावत नाही, निम्मा त्रास तिथंच जातो. पोरं जमली तर त्यांना एक पान फाडून द्या, ती स्वतः काढायला लागतात आणि तुम्हाला सोडतात, शिक्षिका आहात, हे तुम्हाला मी काय सांगू. एकट्यानं नकोच वाटत असेल तर मुंबईत अर्बन स्केचर्सवाले गटानं बसतात. सिएटलला राहणाऱ्या गॅब्रिएल कंपानारियो नावाच्या पत्रकार-चित्रकारानं २००७ ला सुरू केलेलं हे काम आता गावोगावी पसरलंय, जागेवर बसून, समोर दिसतंय ते काढायचं हा त्यांचा नियम.

फोटोवरून काढू का असं पण विचारलंय. फोटो घ्या, पण कपड्याची, जाळ्याची बारकाई बघायला, चित्र त्यावरून करू नका. फोटोत सगळं सारखंच महत्त्वाचं दिसतं, समोर बसल्यावर डोळा आपोआप निवडतो. स्टाईलचं मात्र काय विचारू नका, वह्या भरा.

शेवटी परतीच्या तिकिटाचं. आपल्या राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असती, माशांच्या विणीचा काळ म्हणून. मेच्या अखेरीला एकेक करून होड्या परततात, ओढून वर घेतात, वरून ताडपत्री, खालून खरवडणं, डांबर, रंग, जाळी शिवणं सुरू होतं. जाळं शिवणारा माणूस एका जागी तासभर बसतो, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, हात तेवढा चालू, ह्याच्यापेक्षा चांगलं मॉडेल पैसे देऊन मिळणार नाही. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमाराला येतो आणि तुमची शाळा पंधराच्या आसपास उघडती. म्हणजे ३१ मेचं तिकीट काढलं असेल तर ते रद्द करून ८-९ जूनचं घ्या, वेटिंग मिळालं तरी घ्या, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा.